डाव्या बाजूचे ओरखडे

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. (द्यायचे की नाहीत, ते पत्र संपेपर्यंत ठरवते.)

आज सकाळी एका दंतवैद्याचा फोन आला. माझी मोटार विकायची आहे हे त्याला वर्तमानपत्रातून कळलं, मला त्याच्याकडून. जाहिरात शोधून वाचली. दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स मोटार, उत्तम राखलेली, मालकीण वयस्कर. उत्तम राखलेली हे खरं. बावीस वर्षं तिचं ऑइल मी स्वतः तपासते. पण वयस्कर कुणाला म्हणतोस रे? मी मेट्रन म्हणून साठ खाटांचा वॉर्ड चालवत होते, तेव्हा तू गिअर टाकताना खाली बघायचास.

शनिवारी तो गृहस्थ येतोय. त्याला वाटेला लावते, मग तुझ्याकडे वळते.

तुझ्यावरचा लोभ सध्या गॅरेजमध्ये कुलूपबंद आहे.

ताई

५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जाहिरात मीच दिली. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. गेल्या रविवारी तू आमच्या फाटकातून निघालीस, तेव्हा डावीकडून एक सायकलवाली बाई येत होती. तिने उडी टाकली म्हणून वाचली. तू ब्रेकला पायही लावला नाहीस; वळून मला हात केलास आणि गेलीस. ताई, तू तिला पाहिलंच नव्हतंस. आणि डाव्या सीटवर माझी नात होती.

डोळे तपासून घे म्हटलं की तू माझ्या पोटाकडे विषय नेतेस. या रविवारी नातीला तुझ्याबरोबर फेरीला पाठवणार नाही. ती रुसून बसली आहे, मला झोप नाही.

रागाव हवं तेवढं, पण उत्तर धाड.

धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काल दंतवैद्य आला. मी त्याच्यापुढे मोटारीची वही आपटली. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर रोज संध्याकाळी आम्हाला चुकांची वही लिहायला लावायच्या: काय झालं, चूक कुणाची. तीच शिस्त मी मोटारीलाही लावली होती. त्याने पान न् पान वाचलं. मग हळूच विचारलं, की बावीस वर्षांत एक ओरखडा नाही आणि गेल्या सात महिन्यांत पाच, पाचही डाव्या बाजूला, हे कसं काय. ‘चूक कुणाची’ या रकान्यात माझंच वळणदार अक्षर होतं. खांब. ट्रकवाला. कुंडी. पुन्हा खांब. उन्हाची तिरीप.

पाणी आणते म्हणून स्वयंपाकघरात गेले. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. समोरचं कॅलेंडर मधोमध पुसलेलं होतं.

बाहेर येऊन किल्ली दिली. अट एकच घातली: पहिली फेरी टप उघडून, मी डाव्या सीटवर. तिथे मी आजवर कधी बसले नव्हते. तुझी नात तिथे किती विश्वासाने बसायची, ते काल कळलं. दंतवैद्य बरा चालवतो. क्लचवर पाय ठेवून बसतो, तेवढं त्याला सुनावलं.

वही देण्याआधी सायकलवालीची नोंद केली. ‘चूक कुणाची’ या रकान्यात लिहिलं: मी. मग मागे जाऊन पाचही ठिकाणी तेच लिहिलं.

पत्र मिळताच मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. नातीला सांग, पुढच्या रविवारी मी बसने येते, खिडकीची जागा तिची.

गॅरेज रिकामं झालं. लोभ बाहेर काढला आहे, तो आता नीट राख.

ताई