पूर्ण काठ पाहून ये

पोर्तुगाल, समुद्रकाठ
५ ऑक्टोबर २०२५

सौ. रेणू वहिनीस,
गुंजनचा स. न. वि. वि.

काल इथे पोचले. कागदावर लिहून त्याचा फोटो तुझ्या मोबाईलवर पाठवते आहे, हसू नकोस. फोन केला की आई स्पीकर लावायला लावते, शेजारच्या सुलोचनाकाकूही येऊन बसतात, आणि तू नुसतं हो-नाही करतेस. तिरोड्याच्या कॉलेजात बडबडीसाठी सरांचं बोलणं खाणारी रेणू ती हीच का, असा मला प्रश्न पडतो. कागदावर तरी आपण दोघी धड बोलू.

भूपेंद्रदादा काम करायचा ती शेडं पाहिली. कड्यांपासून थोड्याच अंतरावर पांढऱ्या प्लॅस्टिकची रांगच रांग, आत रासबेरीची झाडं. आणि शेडं संपली की एकदम काहीच नाही. घर नाही, दुकान नाही. ह्या काठावर बांधकामाला बंदी आहे म्हणे. काळे उभे कडे, खाली अटलांटिकचं पाणी आदळतंय, आणि कड्याच्या कडेने रेतीतली एक पायवाट, पाऊल घोट्यापर्यंत रुततं. पाण्यातल्या सुळक्यांवर करकोच्यांनी बैलगाडीभर काड्यांची घरटी केली आहेत. ह्या दिवसांत बहुतेक रिकामी आहेत.

पाठीवर सॅक लावून ही वाट चालायला लोक दुरून येतात. मीही जर्मनीहून सुट्टी काढून आले म्हटल्यावर त्यांना वाटतं मी त्यांच्यातलीच. किती सुंदर आहे ना, असं विचारतात. मी हो म्हणते. सुंदर आहेच, आणि त्याचाच मला राग येतो.

आईने बजावलं आहे की पूर्ण काठ डोळ्यांनी पाहून ये. आपला तलाव बुडालेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी वर देतो, हा तर समुद्र, ह्याला वेळ लागत असेल, असं ती फेब्रुवारीपासून म्हणते आहे. तिला समजावणं मला जमलं नाही, म्हणून चालणार आहे. तू जेवत जा.

लोभ आहेच, तो असाच ठेव.
तुझी गुंजन

*

बोदलकसा
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय गुंजन,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आईंना अर्धं वाचून दाखवलं, करकोच्यांपर्यंत. त्यांनी विचारलं की एवढी जागा मोकळी आहे तर तिथे कोणी काही पेरत का नाही. नंतर रोजच्यासारख्या तलावाच्या पाळीवर जाऊन बसल्या. ढिवर लोक जाळं ओढून आले की त्या उगीच त्यांच्या टोपल्यांत डोकावतात. आता ते लोक लांबून वळून जातात.

लवकर पिकणारा हलका धान कापायला आला आहे, मजूर मिळत नाहीत. बाकी गावात ठीक. माझ्या नावाआधी सौ. लिहू नकोस. श्रीमतीही लिहू नकोस. नवरात्रात ओटी भरायला मला बोलावलं होतं. दारात पोचले तर सगळ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कुंकू लावावं की नाही, कोणालाच सुचेना. मला दुसरीकडे जायचं आहे असं सांगून मी परत आले. त्यांचा तरी काय दोष.

माझ्या भावाने, धर्मेंद्रदादाने, गोंदियात नर्सिंगसाठी माझा नंबर लावून ठेवला आहे, दिवाळीनंतर वर्ग सुरू होतील. मी आईंना विचारलं. भूपेंद्र आला आणि तू घरी नसलीस तर त्याला वाढणार कोण, एवढंच त्या म्हणाल्या. मागे चैतराममामांनी पळसाची पानं आणून ठेवली होती. जो सापडत नाही त्याचा पानांचा पुतळा करून अग्नी देतात, म्हणजे क्रिया होते, सुतक फिटतं. आईंनी ती पानं गोठ्यात फेकली. गाईनेही खाल्ली नाहीत.

तू एकटी चालते आहेस, कड्याच्या काठाने जाऊ नकोस. तुला काही झालं तर मी कोणाशी भांडू?

तुझीच,
रेणू

*

पोर्तुगाल
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय रेणू,
स. न.

सौ. काढलं. वहिनीही काढून टाकते, पूर्वीसारखी रेणूच बरी.

काठ संपला. दक्षिणेच्या टोकापर्यंत चालून आले. जिथे जिथे खाली उतरता येतं तिथे तिथे उतरले. जाळ्यांचे तुकडे, प्लॅस्टिकची खुर्ची, एकेकटे बूट. प्रत्येक बूट उलटा करून पाहिला. एका ठिकाणी रेतीत काहीतरी लांब, काळं दिसलं. धावत गेले, तर तो मेलेला डॉल्फिन होता. मी त्याच्याजवळ बसून रडले, आणि आपण सुटलो म्हणून रडतोय की सापडला नाही म्हणून, तेच कळेना.

परतताना मुन्नालाल भेटला. हा बालाघाटकडचा, दादासोबत शेडात होता. त्याने ती जागा दाखवली. कड्याला लोखंडी खुंटी ठोकलेली आहे, तिला दोर. त्या दोराने खालच्या खडकावर उतरून लोक गळ टाकतात. दादा उतरला, मुन्नालाल वर बसून गळाचा गुंतलेला दोरा सोडवत होता. मान वर केली तेव्हा खडक ओला होता आणि त्यावर कोणी नव्हतं. लाट मोठी नव्हती, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. शोधणारे आले, हेलिकॉप्टर आलं, मग बंद झालं. ते तुला माहीत आहे.

माहीत नाही ते सांगते. रविवारी बाकीचे झोपत आणि दादा हा काठ पालथा घालत असे. आपल्या घरात कोणाला कधी फिरायची हौस नव्हती, त्याला इथे येऊन लागली. म्हातारे कोळी त्याला ओळखत. एकदा रेणूला इथे आणायचं आहे, असं तो मुन्नालालला म्हणाला होता.

त्यातल्याच एका म्हाताऱ्याला मी विचारलं. त्याचा सख्खा भाऊ असाच गेला आहे, गावच्या दफनभूमीत त्याची रिकामी कबर आहे. हिवाळ्यात हे पाणी ज्याला ओढतं त्याला आत नेतं, परत देत नाही, असं त्याने सांगितलं. रेणू, दादा येणार नाही. तुला तरी कोणीतरी हे स्पष्ट सांगायलाच हवं होतं.

तुझी,
गुंजन

*

बोदलकसा
१७ ऑक्टोबर २०२५

प्रिय गुंजन,

तुझं पत्र धानाच्या बांधीत बसून वाचलं. घरात वाचता आलं नसतं. मला आणायचं होतं म्हणाला, हे माझ्याशी एकदाही बोलला नाही बघ.

आईंना त्यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं तरी त्या म्हणतील, त्या म्हाताऱ्याले काय माहीत. काल तिरोड्याहून त्यांनी भूपेंद्रसाठी दिवाळीचा नवा शर्ट आणला. मापाला माझाच हात धरून पाहिला, त्याचा हात एवढाच लांब आहे ना म्हणून. मी हो म्हटलं.

एक मागते. वाईट वाटलं तर नाही म्हण, पण रागावू नकोस. तो सापडला असं आईंना लिही. तू पाहिलास, तूच अग्नी दिलास असं लिही. तुझ्या शब्दावर त्या विश्वास ठेवतील. मला तो मेलेला हवा आहे असं समजू नकोस, गुंजन. मला रडायचं आहे, आणि ह्या घरात मला रडायची मनाई आहे. डोळ्यांत पाणी दिसलं की आई अपशकुन म्हणून उठून जातात. असंच चाललं तर मी त्यांचा द्वेष करू लागेन. त्या मला लेकीसारख्या वागवतात, म्हणून त्याचीच जास्त भीती वाटते.

तुझी,
रेणू

*

पोर्तुगाल
२४ ऑक्टोबर २०२५

रेणू, दिवाळी होऊ दिली. सोबतचा कागद आईला वाचून दाखव. ह्यावर आपण दोघी पुन्हा कधी बोलायचं नाही. गुं.

ती. आईस,
गुंजनचा शिरसाष्टांग नमस्कार.

आई, मन घट्ट कर. दादा सापडला. मी चालत होते त्या काठाच्या शेवटी, दक्षिणेच्या टोकाजवळच्या एका खाडीत कोळ्यांना दिसला. मला बोलावलं. मी ओळखला. चेहरा अगदी शांत होता, दुपारी जेवून ओसरीवर झोपायचा ना, तसा. अंगावर कुठे जखम नव्हती. त्याला फार त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले.

इथे दाहिनी आहे, तिथे मी अग्नी दिला. राख घेऊन येणं जमलं नाही, म्हणून समुद्रातच सोडली. तुझं नाव घेतलं. तू म्हणायचीस तसंच झालं, पाण्याला वेळ लागला, पण पाण्याने दिला. आता तू त्याची वाट पाहू नकोस. रेणूलाही पाहायला लावू नकोस.

तुझ्या पायांशी,
गुंजन

*

बोदलकसा
१९ नोव्हेंबर २०२५

चि. गुंजनला,
शकुंतलाबाईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मीच लिहून राहिली. डोळ्याले नीट दिसत नाही, ओळी वाकड्या जातील. पोस्टानं टाकते, उशिरा भेटेल.

तुझा कागद रेणूनं वाचला. सुरुवातीलेच तिचा आवाज बसला, तेव्हाच मले समजलं. पोरी, माझा जन्म ह्या तलावाच्या पाळीवर गेला. पाण्यातून काढलेले माणसं मी किती पाहिले. आठ दिवसांत आई पोराले ओळखत नाही. तू आठ महिन्यांनी चेहरा झोपल्यावाणी लिहिला. मले बरं वाटलं. ती ओळ मी रेणूले अजून एक डाव वाचाले लावली.

तो येणार नाही हे मले होळीच्या आधीच समजलं होतं. मंग पाणी देईल, पाणी देईल काऊन म्हणत होती, तं रेणूसाठी. क्रिया झाली का तिचा भाऊ तिले नेईल, हे मले दिसत होतं. तुझे बाबा गेले, तू तिकडं, भूपेंद्र असा गेला. ही एकच राहिली होती, मीठ जास्त खाल्लं का मले रागावणारी. म्हणून मी त्याले मरू दिलं नाही. तुझा कागद ऐकला आणि मले लाज वाटली, का माझ्या भीतीपायी दोन पोरींले एवढ्या दुरून खोटं रचा लागलं.

तू अग्नी दिला असं गावाले सांगितलं. तरी चैतरामले पळसाचे पानं आणाले लावले. पुतळा मीच बांधला. नवा शर्ट होता, तो त्याले घातला. मुखाग्नी चैतरामनं दिला. लोक म्हणाले, तिकडं झालं ना, मंग दुसऱ्यांदा कायले. रेणूनं माझ्याकडं पाहिलं. तिले उमगलं. मंग ती माझ्या गळ्यात पडून रडली, लय रडली, आणि मी तिले रडू दिलं.

सोमवारी धर्मेंद्र येऊन तिले घेऊन गेला. शिकून झाल्याबिगर परत येऊ नको असं मीच सांगितलं.

आता तू मले खरं लिही. तो कुठं उभा होता, तिथलं पाणी थंड आहे काय, सारं लिही. तू माझ्यावर राग धरू नको आणि स्वतःवर तं धरूच नको.

वाचून दाखवाले घरात कोणी नाही. अक्षर मोठं काढजो.

तुझी आई