बजरंगच्या तोंडचं वाक्य

मोरबी, ता. २ नोव्हेंबर २०२५

ती. राजेश्रीताईस बजरंगचा नमस्कार, वि. वि.

फोन म्याच कापला. तू परत लावलास तवा बंद करून ठेवला. राग आला की जीभ पुढं पळती आन् मी मागून, म्हणून लिहायलोय. सातवीनंतर पेन धरला तो हजेरीच्या सहीपुरता, तवा अक्षराला हसू नको मास्तरीणबाई.

मी बरा हाय. टाइलच्या कारखान्यात भट्टीपाशी काम हाय. चाकण सोडलं, सुरत सोडली, इथंबी मन लागंना. आई म्हणती पायाला भिंगरी हाय.

आता मुद्द्याचं. तुझ्या नाटकमंडळींनी, त्या सत्यशीला मॅडमनी, गावात फिरून लोकांची बोलणी टिपली आन् बुद्धभूषणला मारलं त्या दिवसाचं नाटक बसवलं, ते बरंच केलं. टेम्पोच्या फाळक्यावर 'जय भीम' लिहिलं, पुसायला न्हाई म्हणला, एवढ्यावरून आपल्याच आळीतल्या पोरांनी माणसाचा कान फोडला, हे लोकाला कळाया पाहिजे. पण तो ड्रायव्हर आन् त्या टेम्पोवर क्लीनर मी होतो. त्या दिवशी केबिनमधी मी होतो. आन् नाटकभर मी नुसता बसून राहतो, एक शब्द न्हाई? खेळ आपल्याच गावात, शाळेच्या मैदानात. आईनं तोंड कुठं लपवावं? एक तर माझं नाव काढा, न्हाईतर मला बोलू द्या.

आईबापूच्या पाया पडतो. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा बजरंग


परभणी, ता. ९ नोव्हेंबर

चि. बजरंग यास राजेश्रीताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. शुद्धलेखनाला दहापैकी चार, रागाला दहा. आईची कापूस वेचणी चालू आहे. वेचायला बायका मिळेनात म्हणून ती एकटीच वाकलेली असते. बापू माझ्याशी बोलत नाहीत. मी घरी गेले की आपलं ताट घेऊन अंगणात जाऊन बसतात. पोरीनं घराची लाज वेशीला टांगली, असं शेजारी सांगतात म्हणे.

तुझ्या तक्रारीचं सांगते. या नाटकात आम्ही पदरचं काही लिहीत नाही. लोक जे बोलले तेच. आणि त्या दिवशी कुणी काय म्हणालं, ते दुसऱ्या कुणी तरी ऐकलेलं असेल तरच घ्यायचं, असा मॅडमचा नियम आहे. तुझ्याबद्दल मी हॉटेलवाल्याला विचारलं, गिरणीवाल्याला विचारलं. सगळ्यांचं एकच, बजरंग आतच होता. म्हणून तू आत बसतोस.

दुसरा नियम, नाटकात स्वतःचं काम स्वतः करायचं नाही. तुझं काम बुद्धभूषण करतो. त्यानं मागून घेतलं. तुझ्यासारखा एक गुडघा वर घेऊन नख कुरतडत बसतो. पहिल्यांदा बघून मला हसू आलं. मग येईनासं झालं.

तू काही बोलला असशील तर लिही. मी सगळ्यांपुढे ठेवीन. जेवणाकडे लक्ष दे, आणि ताईचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी ताई


मोरबी, ता. १४ नोव्हेंबर

ती. ताईस नमस्कार, वि. वि.

बोललो होतो. "सोडा त्याला, जाऊ द्या," असं म्हणलो. दोनदा म्हणलो. टेम्पो चालू होता, पोरं कालवा करायली होती, हॉटेलवाल्याला काय डोंबल ऐकू येणार? बुद्धभूषणला विचार. तो जवळ होता.

ते सहाजण, त्यात आपला चुलतभाऊ परमेश्वर म्होरं. मी एकटा काय करणार होतो हे कुणी इचारत न्हाई. सगळे नुसतं आत होता, आत होता. ताई, एवढं एक वाक्य घाला. घातलं तर मी खेळाला येतो, पहिल्या रांगेत बसतो. न्हाई घातलं तर त्या गावात पाय टाकणार न्हाई, आईला तसं सांगून ठेव.

पत्राची वाट बघायलोय. भावावर भरोसा ठेव.

बजरंग


परभणी, ता. १९ नोव्हेंबर

मित्र बजरंगा, सप्रेम जयभीम.

ताईनं तुझं पत्र सगळ्यांत वाचलं. भट्टीपाशी राहून काळा झालास का? आधी तरी कुठं गोरा होतास म्हणा.

मॅडमनी मला इचारलं, तू ऐकलं का? मी खरं तेच सांगितलं. मी खाली पडलेलो, कानात रगत, तो कान तवापासून बंदच हाय. मला काही आठवत न्हाई. मॅडम म्हणल्या, मग घेता येत न्हाई. तवा मी म्हणलो, मॅडम, हा बजरंग मागं उभा राहून "येऊ दे, येऊ दे, बास" म्हणायचा आन् मी मान न वळवता त्याच्या आवाजावर टेम्पो मागं घ्यायचो. एकदाबी नालीत गेला न्हाई. तो म्हणलो म्हणतो तर म्हणलाच असंल. त्याचा दुसरा साक्षीदार मला धरा.

मॅडमनी मंजूर केलं. काल तालमीत मी ते वाक्य म्हणलो. माझं काम आपल्या गावचा रंगनाथ करतो, तो खाली पडल्या पडल्या रडाया लागला. खरं सांगू, मलाबी बरं वाटलं. कुणीतरी म्हणलं होतं तर. माझ्या आईला सांगितलं. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुझं नाव घेऊन बोलली, म्हणली, पोरगं तिकडं जेवतं का न्हाई.

एकच कळव. जोरात म्हणला होतास का हळू? मी जोरात म्हणायलोय.

आठवण ठेव, तिकडंच रमू नको.

तुझा बुद्धभूषण


मोरबी, ता. २४ नोव्हेंबर

मित्र बुद्धभूषण यास बजरंगचा जयभीम.

वाक्य काढ. म्या म्हणलं न्हवतं. जोरात न्हाई, हळू न्हाई.

चाकणला एकानं गाव का सोडलं इचारलं, तवा पहिल्यांदा सांगितलं की मी त्यांना सोडा म्हणलो होतो. सुरतंत परत सांगितलं. जागा बदलली की नवी माणसं, आन् दर बारीला ते वाक्य थोडं मोठ्यानं. ताईला लिहिलं तवर मलाच खरं वाटाया लागलं होतं. मग तुझं पत्र आलं. तू नालीचं लिहिलंस ना, तिथून पुढं वाचवंना. तुझ्या आईला तू काही सांगू नको. मी येऊन सांगतो, मग तिनं मला जेवाया घालावं न्हाईतर हाकलावं.

काय झालं ते असं. तुला खाली ओढलं तवा परमेश्वर मला म्हणला, "तू आतच बस." मी बसलो. काच वर केली.

आता तुझ्या कामापुरतं सांगतो. बसशील तवा मान खाली घालू नको. लोकाला वाटंल, बिचाऱ्याला बघवंना. म्या मान खाली घातली न्हवती. काठी कुणी आणली, हात कुणी धरले, कानावर लाथ कुणी मारली, सगळं बघितलं. पोलिसाला दिसलं न्हाई म्हणलो होतो. आता जिथं इचारतील तिथं नावं सांगतो.

मॅडमला म्हणावं, ह्यालाबी दुसरा साक्षीदार लागत असंल तर परमेश्वरला इचारा. मी बघायलो होतो, हे त्यानं बघितलंय.

खेळाला येतोय. लोभ ठेव असं लिहायची रीत हाय. मी लिहीत न्हाई. तुझं तू ठरव.

बजरंग