चहा संपायच्या आत

अण्णा, उद्या सकाळी अकराला मी बांधलेल्या समाजकेंद्राचं उद्घाटन आहे आणि आज सकाळपासून मी इथं एकटाच बसून आहे. मोठ्या हॉलमध्ये दोनशे खुर्च्या मांडल्यात. शेजारी पोरांची अभ्यासिका, मागं बायकांचा शिवणवर्ग. जुन्या दरवाजामागच्या या वस्तीत कचरा टाकायला सगळं शहर यायचं, एरवी कुणी फिरकायचं नाही. तिथं मी काहीतरी उभं केलं याचा मला अभिमान आहे. तुम्ही असता तर हारतुरे बाजूला ठेवून आधी टाचेनं फरशी ठोकून पाहिली असती. त्याचीच मला भीती वाटते.

छावणीतला तो बंगला आठवतो? मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीत तुमच्या कामावर येऊन तुम्हाला, बापालाच, गवंडीकाम शिकवत होतो. तुम्ही पायाच्या जागी कमरेएवढा खड्डा घेतला, पाण्यानं भरला आणि कडेला बसून चहा मागवला. मला हसू आलं. "हस, हस," तुम्ही म्हणालात. "मुरमात पाणी सावकाश जिरतं. चहा संपायच्या आत खड्डा कोरडा झाला, तर खाली पोकळ हाय. या शहराखालून पाण्याच्या जुन्या नहरी गेल्यात. त्या तुझ्या कागदावर नाय दिसायच्या." त्या दिवशी पाणी जागचं हललं नाही. पुढं मला पदवी मिळाली, तेव्हा तुम्ही तुमचा ओळंबा माझ्या हातात ठेवलात, पितळी, वापरून गुळगुळीत झालेला. तो अजून माझ्या बॅगेत असतो.

इथं पाया घ्यायच्या आधी मीही खड्डा भरला. हर्सूलकडून येणारी नहर याच अंगानं जाते, एवढं ऐकून होतो. हातातल्या चहाचा अजून ओठाला चटका बसत होता आणि खड्ड्याच्या तळाची माती दिसू लागली. मुकादमानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "ऊन लई आहे आज." दुसरी जागा मागितली असती, तर महापालिकेत फाईल पुन्हा कपाटात गेली असती आणि वस्तीच्या नशिबी उकिरडाच राहिला असता, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला माझा नकाशा फार लाडका होता. पाया थोडा रुंद केला आणि गप्प बसलो.

या पावसाळ्यात मागच्या भिंतीला केसाएवढी चीर गेली. मी पुट्टी भरून वरून रंग मारून घेतला. आज तुमचा ओळंबा सोडला. वर भिंतीला टेकतो, खाली बोटभर सुटतो. महिन्यापूर्वी सुटत नव्हता; भिंत कलतेय.

मघाशी शिवणवर्ग चालवणाऱ्या खाला, सगळ्या वस्तीच्या मावशी, येऊन गेल्या. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर ओढणी टाकून त्यांनी स्वतःची जागा धरली, शेजारच्या खुर्चीवर रुमाल ठेवला. "बेटा, उद्या आईला आण बरं का. माझ्या बाजूला बसवते. लई वर्षांनी आमच्या गल्लीत मेहमान येतायत." मी हो म्हणालो. रुमाल अजून तिथंच आहे.

हा कागद घडी करून ओळंब्याच्या पिशवीत ठेवतोय, दुसरीकडं कुठं धाडणार? एक सांगायचं राहिलं. आईनं उद्यासाठी नवं लुगडं काढून ठेवलं होतं. सकाळी निघताना मीच तिला सांगितलं, गर्दी फार होईल, तू नको येऊस.