झोप नसलेले गणपती

रोहे-अष्टमी,
१६ ऑगस्ट २०१६

चि. हिरामण,

आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत, कुंडलिका दुथडी वाहते आहे, आणि माझा धाकटा भाऊ जिवंत आहे.

"बाय, फोनवर तू मला बोलूच देत नायस," असं तू म्हणतोस. खरं आहे, म्हणून पत्र. नको वाटेल तिथे घडी घाल, पण नंतर पुन्हा उघड.

कालच्या सभेत जे घडलं ते सांगायला मी अधीर झाले आहे. पण आधी तुझा निरोप. दवाखान्यातून जोह्याला घरी येऊन तुला चार दिवस झालेत, आणि तू कळवतोस की त्या जागायच्या गोळ्यांची आणखी एक स्ट्रिप पाठव, एवढा सीझन काढतो.

तुझ्या बायकोने, मालूने मला सगळं सांगितलं आहे. तू म्हणालास, चक्कर आली. ती म्हणते, छाती अशी उडत होती की सदरा हलताना दिसत होता, तरी तू ब्रश सोडेनास. काय घेतलंस असं डॉक्टरांनी विचारलं, तर तू म्हणालास, चहा.

तुझं ओझं मला कळतं रे. गणपतीच्या कारखान्यात साचा, घासणी, रंग सगळं वाटून घेता येतं. डोळे आखणारा मात्र एकच. तो थांबला की मूर्ती आंधळ्या उभ्या आणि मुंबईचे टेम्पो दारात. तू तीन दिवसांत एकशे चाळीस मूर्तींचे डोळे आखलेस आणि तुला वाटलं, असा हात जन्मात चालला नव्हता. मग कारखान्याचे मालक कमळाकरशेठ यांच्या आई, धोंडुबाई, काठी टेकत रांगेतून फिरल्या आणि म्हणाल्या, "हिरामण, ह्या देवांना झोप नाय का रे?" सगळ्या पापण्या ताणलेल्या, बुबुळं मधोमध सुटी तरंगणारी. पोरं आधी हसली, मग कुणी हसेना. एकशे चाळीस गणपती तुझ्याच डोळ्यांनी बघत होते.

इथवर मी असं लिहिलं, जणू त्या गोळ्या तुला रस्त्यात सापडल्या.

त्या माझ्या होत्या. मला बसल्या जागी झोप लागते, त्या आजारावर अलिबागच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या. तू पेंगत होतास, मी पर्समधून स्ट्रिप काढली आणि म्हणाले, "घे रे, डॉक्टरचं औषध आहे, दारू नव्हे." दारूच्या गुत्त्यांपुढे ठाण मांडणारी मी हे बोलले. माझ्या आजारावरचं औषध धडधाकट माणसाच्या काळजाला काय करील, हे विचारावंसंही मला वाटलं नाही.

आणखी आहे. मला रोज सकाळी एकच सांगितली आहे. सभेच्या दिवशी मी तीन घेते. दोन वर्षं झाली. संपल्या की पेणला दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन पुन्हा लिहून आणते, पहिल्याचं नाव न काढता. बाईच्या जिभेवर आग आहे म्हणतात लोक. सभेनंतर दोन दोन दिवस मी जेवत नाही आणि घरच्यांवर खेकसते, ते लोकांना दिसत नाही.

काल झेंडावंदनानंतर व्यसनमुक्तीची सभा होती. मी एकच गोळी घेऊन उभी राहिले. तीन वाक्यं झाली आणि गाडी अडली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी माईकपुढे गप्प! मग कागद खाली ठेवला आणि तुझी, माझी, सगळी हकिकत सांगितली. अध्यक्ष हैबतराव कानाशी येऊन म्हणाले, ताई, हे घरात बोलायचं असतं. मी म्हटलं, घरातच बोलतेय. दोघं-तिघं उठून गेले.

मग मागून सरू उभी राहिली. तिचा नवरा कंपनीत डबल शिफ्ट करतो. म्हणाली, "बाई, जागायच्या गोळ्या आमच्या घरात बी हायत. देव्हाऱ्यामागं लपवल्यात त्यानं. मी समजत व्हते ताकदीच्या हायत." तिच्यामागून आणखी चौघी उठल्या. हिरामण, इतक्या वर्षांच्या भाषणांनी जे दार उघडलं नाही, ते माझ्या अडखळण्याने उघडलं! कालपासून मी जमिनीवर नाही, आणि यात गोळीचा काही हात नाही.

आज सकाळी डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी सडकून झापलं. रोज एकच, आणि डबी काळुरामच्या ताब्यात. तुझे भावोजी ती हिशेबनीसासारखे सांभाळतात. तुझ्या डॉक्टरांनाही मी फोन केला. चहाचं नाव पुसलं गेलं आहे. कमळाकरशेठलाही गोळ्या कुणी दिल्या ते सांगितलं. ते म्हणाले, अर्ध्या मूर्तींचे डोळे रंगकामातला पोपट आखेल. त्याचे डोळे मेंढीचे असतात, असं तू म्हणतोस. असू देत. मेंढी झोपते तरी.

उरलेल्या अर्ध्या तुझ्या. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा, देतील तितक्याच. काही राहिल्या तर राहतील. तू राहिला पाहिजेस.

मी शुक्रवारी येते. मला शिव्या द्यायच्या असतील तर तेव्हा दे, मी मधे बोलणार नाही.

पाकीट उलटं करून झटकू नकोस. आत एवढा कागदच आहे.

तुझी गुन्हेगार, आणि तरीही थोरली,
चंद्रावती