दादाच्या वहीतलं वाक्य

शास्त्री नगर, जयपूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. अलकास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. गेल्या परीक्षेत रशियन कादंबऱ्यांच्या पेपरात सलोनी नावाच्या मुलीनं लिहिलं होतं, की अपराध्याला शिक्षेपेक्षा शिक्षेवाचून राहण्याची भीती जास्त असते. हे कुठंतरी वाचलंय, अशी माझी खात्रीच होती. मी नक्कल केल्याचा शेरा मारला आणि तिचं वर्ष गेलं. काल जुन्या वह्या चाळताना ते वाक्य सापडलं. माझ्याच अक्षरात, माझ्याच व्याख्यानाच्या टिपणात. मुलीनं वर्गात लक्ष दिलं होतं, एवढंच.

अन्न गोड लागत नाही. रोज झालान्याच्या जंगलाकडेनं भटकतो. त्या कादंबऱ्या तीस वर्षं शिकवल्या, कळतायत आत्ता.

तुझा,
दादा

नाशिक
८ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. जेवण तुझं, भटकणं तुझं, कळणंही तुझंच. ती मुलगी सध्या काय करते, याची एक ओळ नाही! लहानपणी माझी बाहुली मोडलीस तेव्हाही तूच जास्त रडलास आणि आईनं लाडू तुला दिला. विद्यापीठाला चार ओळी लिहिल्यास का? वहिनीला माझा नमस्कार सांग.

रागावलेली, तरी तुझीच,
अलका

जयपूर
१४ फेब्रुवारी

चि. अलकास अनेक आशीर्वाद.

काल सांगानेरला जाऊन आलो. सलोनी वडिलांबरोबर कापडावर ठप्पे मारत होती. मी सगळं कबूल केलं, रडलोही. तिच्या वडिलांनी घाईनं खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं. ती एवढंच म्हणाली, "सर, यही लिखकर दे दीजिए." शेरा रद्द झाल्याशिवाय तिला परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही, आणि शेवटची तारीख अठ्ठावीस आहे. मी विचार करून सांगतो म्हटलं. जूनमध्ये विभागप्रमुख म्हणून निवृत्त होतोय गं. आता चौकशी समितीपुढं उभं राहायचं म्हणजे इतक्या वर्षांचं नाव जाईल. माफी तर मी मागितली आहेच.

समजून घे.
दादा

नाशिक
१८ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार.

नाही समजून घेत. तू तिच्या दारात रडून मोकळा झालास आणि तिच्या बापाला तुझ्यासाठी खुर्ची पुसावी लागली. तुझं नाव तुला प्यारं, तिच्या नावाला मात्र नक्कल केल्याचा डाग लागलाय तो लागलाच. मला तुझी लाज वाटते, दादा. लिहून दिल्याशिवाय मला पत्र पाठवू नकोस.

अलका

जयपूर
२७ फेब्रुवारी

चि. अलकास आशीर्वाद.

चोवीस तारखेला लिहून दिलं, वहीसकट. शेरा रद्द झाला, मला मात्र समितीपुढं जावं लागणार आहे. सलोनीनं आज फॉर्म भरला. त्यासोबत एक अर्जही दिला, की तिची उत्तरपत्रिका माझ्याकडे तपासायला येऊ नये. अर्जावर विभागप्रमुखाची सही लागते, म्हणून ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

मी सही केली.

दादा