खरखर कुठून येते

बाबा, आज मी तुमच्यावर मनापासून चिडले आहे, आणि ते ऐकून घ्यायला तुम्ही नाही याचाही राग आहे.

श्रावणात देवाची पालखी निघते, त्या सवारीच्या गर्दीत फोन लागत नाहीत, म्हणून आम्ही हौशी रेडिओवाले वॉकीटॉकी घेऊन घाटावर उभे असतो, हरवलेल्या माणसांचे निरोप पोचवतो. यंदा आमच्या चॅनलवर मधूनच अशी खरखर येऊ लागली की बोललेलं कळेना. एक म्हातारे गृहस्थ चुकले. ते सापडल्याचा निरोप खरखरीत बुडाला, आणि त्यांची बायको दुपारभर पायरीवर रडत बसली. ते पलीकडच्याच मंडपात होते. ही खरखर सोडणारं यंत्र शोधायचंच, असं मी ठरवलं.

तुम्ही ट्रान्झिस्टर हातात धरून गोल फिरायचात. आवाज पडला की म्हणायचात, "स्टेशन या रेषेत." मी हात पुढे केला की, "राहू दे, बिघडवशील." आता मी कॉम्प्युटरला जोडायचे अंगठ्याएवढे रिसीव्हर देवास गेटला, टावर चौकात आणि आपल्या माधव नगरच्या गच्चीवर लावले. एकच लहर तिन्हीकडे किंचित मागेपुढे पोचते, त्या फरकावरून सॉफ्टवेअर नकाशावर ठिपका देतं. ठिपका दर वेळी आपल्याच गल्लीत. मला वाटलं, भिंतींवर आपटून लहर फसवतेय. वायरी बदलल्या, जागा बदलल्या, सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. ठिपका हलेना. शेवटी रेडिओ क्लबमधला मित्र हातातला अँटेना रोखत आपल्या जिन्यापर्यंत आला. "मॅडम, ये तो आपके घर से ही आ रहा है."

टीव्हीच्या कपाटामागे तुमच्या जुन्या अँटेनाच्या बूस्टरचा प्लग अजून चालू होता. डिश आली तरी तुम्ही तो काढू दिला नव्हता. वर गच्चीत अँटेनाच्या खांबावर बसवलेला बूस्टर पाणी शिरून बिघडला होता आणि स्वतःच खरखर हवेत सोडत होता. मी प्लग ओढला, चॅनल शांत झालं. इतके दिवस हिंडून शेवटी तुम्हीच सापडलात. संतापानं रडू आलं मला.

"त्यांनी लावलं होतं ना," आई एवढंच म्हणाली.

मित्र भेटला की विचारतो, "उतार दिया?" मी सांगते, बूस्टरचे स्क्रू गंजलेत, निघत नाहीत.

गंजलेले नाहीत, बाबा. मी एक फिरवून पाहिला, आणि परत घट्ट केला.