कडी बाहेरून लागली

अण्णा, ती कडी बाहेरूनच लागली होती. तुम्ही म्हणाला होतात तसंच.

परवा रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होते आणि माझ्या लेकीच्या खोलीतून ते गाणं आलं. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. सोळा वर्षांची आहे, केस कायम डोळ्यांवर. आधी ताटल्यांचा आवाज, मग एका लहान मुलीचं हसणं, मग खालून वर चढत येणारी ती जड गिटार. माझा हात थांबला. तीस वर्षांनी ऐकत होते, तरी पुढे काय येणार ते बोटांना पाठ होतं. फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून झाली होती. आपल्या कॅसेटवर ताटल्यांचा आवाज अर्ध्यावर यायचा.

तुम्ही चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कॅसेट भरायच्या कारखान्यात चेकिंगला होतात. दिवसभर कानाला हेडफोन. शाळेत मैत्रिणींना मी ऐटीत सांगायचे की माझे वडील गाणी ऐकायचा पगार घेतात. तुम्ही हसून म्हणायचात, "गाणा खंय आयकतंय मी? खरखर आयकतंय." रिजेक्ट झालेल्या कॅसेटी शेठ नेऊ द्यायचा, त्या तुम्ही डब्याच्या पिशवीतून आणायचात. कुणाचं कव्हर चुरगळलेलं, कुणाचा आवाज दबलेला. कोणती कॅसेट कुठल्या खोटीसाठी बाजूला पडली, ते मात्र वर लिहिलेलं नसायचं. अशाच एका पिशवीतून ती काळ्या कव्हरची इंग्रजी कॅसेट आपल्या सेक्टरातल्या बैठ्या खोलीत आली. बारा-बारा मिनिटांची गाणी, आणि सगळी मिळून एकच गोष्ट. गाणाऱ्याचा आवाज कधी कुजबुजायचा, कधी फाटायचा. "पत्रे ठोकतत की काय?" असं तुम्ही विचारलं होतंत, आणि तरी पायरीवर बसून पहिली बाजू संपेपर्यंत ऐकलं होतंत.

मी अकरावीत होते. आम्ही तिघी मैत्रिणी त्या गोष्टीच्या मागे हात धुऊन लागलो होतो. शब्द नीट कळायचे नाहीत, आतला कागद कारखान्यातच गळला होता, म्हणून कॅसेट मागे घेऊन घेऊन एकेक ओळ वहीत उतरवायचो. एक माणूस अंधारात चालत तळ्याकडे जातो. तळं त्याला हाक मारतं. तो पाण्यात उतरतो आणि 'मी घरी येतोय' असं म्हणतो. मग कॅसेट उलटायची. दुसऱ्या बाजूला घर असतं, बायको असते, ताटल्या वाजतात, मुलगी हसते, तळ्याची हाक पुन्हा पुन्हा येते. शेवटी जेवणं होतात, कडी लागते आणि मुलीचं हसणं हळूहळू विरतं. मी अर्थ लावला होता की तो बुडता बुडता वाचला, घरी आला, आतून कडी लावली आणि तळ्याला कायमचं बाहेर ठेवलं. सगळा काळोख पहिल्या बाजूला, उजेड दुसऱ्या. कॉलेजच्या भित्तिपत्रिकेसाठी मी त्यावर दोन पानं लिहिली होती. दुसऱ्या दिवशी ती लागणार होती, आणि त्या संध्याकाळी मी ती मैत्रिणींना वाचून दाखवत होते.

तुम्ही नुकतेच कामावरून आलेले. बनियनवर, हातात चहाचा कप. आई ओट्यापाशी बांगडे तळतेय, खोलीभर धूर. मी वाचून संपवते, पुरावा म्हणून शेवटचा तुकडा लावते. कडी लागते, हसणं विरतं. मैत्रिणी टाळ्या वाजवतात. तुम्ही कप खाली ठेवता.

"चेडवा, ता परत लाव बघू."

मी लावते.

"ही कडी भायरसून लागली गो. तो भायर पडलो. आयकलंस मा? कडी लागल्यावर चेडवाचा हसणा बारीक झाला. तो भुतूर असतो तर हसणा मोठा झाला असता. ह्या लेबलच उलटा लागलाहा. म्हणान तर रिजेक्टात पडला. दुसरी बाजू पयली, पयली मागसून. तो मानूस परत येना नाय."

एक मैत्रीण हसली. "ए, तुझे बाबा झकास आहेत यार. भायरसून, भुतूर!" दुसरीही हसली. त्या वाईट नव्हत्या, अण्णा. पण मला आपल्या घरातली ती बोली, तो बांगड्याचा धूर, तुमचं बनियन, सगळं एकदम दिसलं.

"तुम्हाला यस-नोच्या पुढे इंग्लिश कळतं का?" मी म्हणाले. "मग कशाला मधे बोलता?"

आईचा झारा थांबला. तुम्ही कप उचललात. रागावला नाहीत. इतकंच म्हणालात, "माका इंग्लिश कळना नाय. कडी कळता." आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलात.

त्यानंतर रिजेक्ट कॅसेटी येत राहिल्या, पण तुम्ही त्या माझ्यासोबत ऐकायला बसला नाहीत. मी टेपरेकॉर्डर लावला की तुम्हाला नेमकं काहीतरी आणायला बाजारात जायचं असायचं. मीही थांबवलं नाही. भित्तिपत्रिकेवरची माझी दोन पानं इंग्रजीच्या सरांना आवडली. ती उतरवल्यावर तुम्ही मागून घेतलीत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलीत, आणि गावाहून कुणी आलं की काढून दाखवायचात. "आमच्या चेडवान लिवलानीत." ज्या पानांत तुमचं म्हणणं नव्हतं, ती पानं.

पुढे त्या गोष्टीची तुम्ही थट्टा करून टाकलीत. मी परीक्षेहून आले, नोकरीच्या पहिल्या दिवशी परतले, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले, दर वेळी दारातच विचारायचात, "काय गो, तुझो तो मानूस पोचलो काय घराक?" मी म्हणायचे, "पोचला, अण्णा." तुम्ही म्हणायचात, "बरा झाला."

तुम्ही शेवटचे हॉस्पिटलमध्ये गेलात त्या सकाळी मी माहेरीच होते. रिक्षा दारात होती, आई आधीच जाऊन बसली होती. तुम्ही स्वतःच्या पायांनी गेलात आणि सवयीने दार ओढून बाहेरून कडी घातलीत. मी आत आहे हे विसरूनच गेलात. मी तेव्हा हसत होते असं इथे लिहिलं तर गोष्ट छान जुळेल. पण मी हसत नव्हते. नळाला पाणी आलं होतं आणि मी पिंप भरत होते. कडीचा आवाज ऐकला, आणि शेजारणीला हाक मारून ती काढून घेतली. तोवर रिक्षा वळली होती.

परवा लेकीचं ऐकून झाल्यावर ती बाहेर आली. या गोष्टीवर लोक अजून पानंच्या पानं लिहितात म्हणे. तळं म्हणजे दारू, तळं म्हणजे आजार, तळं म्हणजे मेलेला भाऊ. तिने मोबाईलवर एकाचं लिहिणं दाखवलं. त्याने कडीनंतर हसणं बारीक होतं यावर भलंमोठं विवेचन केलं होतं, आणि खाली सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. मी ते दोनदा वाचलं.

"पण मम्मा, तो 'घरी येतोय' म्हणतो ना शेवटी? मग येतो ना?"

"तुझे आजोबा म्हणायचे, नाही येत."

"आजोबांनी हे ऐकलेलं?" तिचे डोळे केसांतून बाहेर आले. "काय सांगतेस! कूल होते गं!"

मग मी तिला सगळं सांगितलं. धूर, चहा, लेबल. मी काय बोलले तेही. तिने केस कानामागे सारले. मग म्हणाली, "आणि तुला आज कळलं, ते बरोबर होते म्हणून?"

मी हो म्हणाले. या पत्राची सुरुवातही मी तशीच केली, जणू परवाच कळलं. ते खरं नाही, अण्णा. भित्तिपत्रिका लागल्यानंतर आठ दिवसांनी एका मैत्रिणीच्या मामाने परदेशातून तीच कॅसेट आणली होती, आतल्या कागदासकट. गाण्यांचे क्रमांक छापलेले होते. तुम्ही म्हणालात तसंच, आपली दुसरी बाजू तिथे पहिली होती. मी कागदाची घडी घातली, परत दिली, आणि घरी येऊन तुमच्या शेजारी बसून जेवले. माझी पानं अजून भिंतीवर होती.

त्यानंतर तुम्ही नऊ वर्षं होतात. नऊ वर्षं तुम्ही दारात विचारत होतात, पोचलो काय, आणि मी पोचला म्हणत होते.

लेकीला हे सांगितलेलं नाही.